आईची सही

आईची सही हा आमच्या घरात थट्टेचा विषय होता. ती 'श' जुन्या वळणाचा, घट्ट गाठ मारलेला काढीत असे आणि आडनावाच्या शेवटी काही कारण नसताना एक टिंब देत असे. मार्च २०२२ मध्ये बँकेच्या टेबलावर तिच्यासमोर मुदत ठेव मोडण्याचा अर्ज ठेवला, तेव्हा तिने पेन व्यवस्थित धरले, 'श' काढला, त्याच्या शेजारी आणखी एक 'श', मग तिसरा, आणि नंतर पेन शांतपणे मॅनेजरसाहेबांपुढे धरून म्हणाली, "तुम्हीच करा." साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी तिला पाणी दिले, मला बाजूला बोलावले आणि सांगितले की ताई, आता आईंच्या सहीवर हे पैसे देता येणार नाहीत.

ठेवी एकूण २२ लाखांच्या होत्या आणि सगळ्या एकट्या आईच्या नावावर होत्या. बाबा २०१६ मध्ये गेले, त्यानंतर नावे बदलायचे काम आम्ही तिघा भावंडांनी "बघू सवडीने" म्हणून ठेवून दिले होते. माझे नाव नॉमिनी म्हणून होते, पण नॉमिनीला खातेदार हयात असेपर्यंत कवडीचाही अधिकार नसतो. माझी खरी भिस्त २०१९ मध्ये नोंदणी करून घेतलेल्या मुखत्यारपत्रावर होती. वकिलांनी ते वाचून परत दिले. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती भानावर राहिली नाही, की ते आपोआप संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण तो कागद जपून ठेवतो, नेमक्या त्याच दिवशी तो रद्दी होतो. हे मुखत्यारपत्र करताना आम्हाला कोणी सांगितले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते.

अंगठ्याचा मार्ग खुला असतो, पण तो हात चालत नसलेल्यांसाठी. अंथरुणाला खिळलेल्या खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेऊन बँक पैसे देते. मात्र आपण काय करतो आहोत हे त्या माणसाला कळत असावे लागते. अल्पवयीन मुलांना पालक नेमायला १८९० चा पालक व पाल्य कायदा आहे, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे; स्मृतिभ्रंश झालेल्या ऐंशीच्या घरातल्या बाईसाठी तसा वेगळा कायदा नाही. त्यामुळे घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयात याचिका करावी लागली. तिघांची प्रतिज्ञापत्रे, डॉक्टरांचा अहवाल, आईच्या मालमत्तेची यादी असे सगळे जमवून आदेश हाती यायला १४ महिने गेले.

ते १४ महिने खर्च थांबला नव्हता. चोवीस तासांच्या मावशींचे २७ हजार, डायपरचे सुमारे ५ हजार (दिवसाला चार लागतात, आणि उन्हाळ्यात पुरळ आले की महागातले घ्यावे लागतात), आठवड्यातून तीनदा येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे साडेसहा हजार, औषधांचे साडेचार हजार, असे महिन्याला ४३ हजार होत. ब्यूरोचे कमिशन, मावशी गावी गेल्या की बदलीच्या बाईंचे पैसे आणि पाठीला जखम होऊ नये म्हणून आणलेली हवेची गादी यांचा हिशेब वेगळा. बाबा रेल्वेत होते, त्यामुळे आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. ते तेव्हा साधारण २१ हजार होते. उरलेले २२ हजार तिघांनी घालायचे ठरले.

खरी अडचण पैशांची नव्हती, वाटणीची होती. धाकटी बहीण रत्नागिरीला असते, तिची ओढाताण आहे. पण ती दर दोन महिन्यांनी येऊन दहा दिवस राहते, आईला न्हाऊ घालते, तिची नखे कापते. बेंगळुरूचा दादा म्हणाला, हिचे पैसे मी भरतो. तो चांगल्या मनाने म्हणाला होता, तरी ती दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिच्या दहा दिवसांची किंमत लावणे जितके वाईट, तितकेच ते हिशेबात न धरणेही वाईट, हे आम्हाला उशिरा उमगले. शेवटी तिने दोन हजार द्यावे, बाकीचे आम्ही दोघांनी सारखे वाटून घ्यावे, आणि तिचे जाण्यायेण्याचे भाडे आईच्या खर्चातच लिहावे असे ठरले. त्यासाठी एक लांब वही केली आहे. तीत मावशींच्या सकाळच्या दुधाचीही नोंद असते. दादा तिला 'पंचनामा' म्हणतो.

विम्याविषयी सगळे विचारतात. ७० वर्षांवरील सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांचे संरक्षण मिळते. आम्ही ते कार्ड लगेच काढले. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच कामाला येते. घरी कूस बदलून देणाऱ्या मावशींचा पगार ते कार्डही देत नाही आणि आमची जुनी पॉलिसीही देत नाही.

रेल्वेसारख्या केंद्र सरकारच्या कुटुंब निवृत्तिवेतनात मात्र अशी एक गोष्ट निघाली, जी पुष्कळ घरांत निसटते. वयाची ८० वर्षे पूर्ण झाली की मूळ कुटुंब निवृत्तिवेतनात २० टक्के वाढ मिळते. आईला ८० वर्षे २०२३ मध्ये झाली आणि वाढ आलीच नाही, कारण बाबांच्या पेन्शनच्या आदेशात आईची जन्मतारीखच लिहिलेली नव्हती. आधार आणि पॅन जोडून अर्ज केला, चार फेऱ्या घातल्या, तेव्हा रक्कम २५ हजारांवर गेली आणि थकबाकीही मिळाली. घरी असा आदेश असेल तर आजच काढून पत्नीच्या जन्मतारखेचा रकाना पाहावा.

न्यायालयाचा आदेश आल्यावर ठेवींचे व्याज वापरता येऊ लागले, दरवर्षी हिशेब सादर करण्याच्या अटीवर. पंचनाम्याची वही तिथे उपयोगी पडली. बाबा गेले त्याच वर्षी आईला शेजारी बसवून सगळे उलगडून सांगितले असते, तर ठेवी तिच्या आणि माझ्या नावावर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघींपैकी कोणालाही किंवा मागे राहील तिला पैसे मिळतील अशा, करून घेता आल्या असत्या. त्यातही मेख आहे: मुदतीआधी मोडायची झाली तर दोघांच्याही सह्या लागतात, म्हणून एकच मोठी पावती न करता दर तीन-चार महिन्यांनी एक मुदत संपेल अशा लहान पावत्या कराव्या लागतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा एप्रिल २०२३ पासून ३० लाख झाली आहे, तिथे ८.२ टक्के दराने २२ लाखांवर महिन्याकाठी सरासरी १५ हजार पडतात. आमची तूट आज १८ हजारांची आहे. हा हिशेब मी वहीच्या शेवटच्या पानावर मांडला होता आणि नंतर ते पान चिकटवून टाकले.

हयातीचा दाखला मात्र आता सोपा झाला आहे. ८० वर्षांवरील निवृत्तिवेतनधारकांना तो नोव्हेंबरची वाट न पाहता १ ऑक्टोबरपासून देता येतो, तोही घरी बसून, मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर. फक्त डोळ्यांची उघडझाप करावी लागते. गेल्या ऑक्टोबरात आई पडद्यावरच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत राहिली. मी तीनदा "आई, डोळे मीट" म्हटले, तिने ढिम्म ऐकले नाही. मग मावशी पदराला हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "आजी, डोळा मारा बघू." आईने एक नव्हे, दोन्ही डोळे मिटले, उघडले आणि हसली, आणि पुढच्या वर्षाचे निवृत्तिवेतन सुरू राहिले.