फुकटच्या सॉफ्टवेअरचं बिल : आमची वाटचाल

आम्ही सॉफ्टवेअर विकत नाही. ईआरपीनेक्स्ट, म्हणजे बिलं, स्टॉक आणि खाती सांभाळणारं सॉफ्टवेअर, गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या सर्व्हरवर बसवून देतो, वर्षभर सांभाळतो आणि त्या सांभाळण्याचे पैसे घेतो. ‘सॉफ्टवेअर तर फुकट आहे, मग पैसे कसले?’ हे मला दादरपासून भिवंडीपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. फुकट आहेच. आपल्या मुंबईतल्याच फ्रापे कंपनीचं आहे, जीपीएल या खुल्या परवान्याखाली आहे, कोणीही उतरवून घ्यावं. पण ते ज्यांच्या जोरावर चालतं त्या मारिआडीबी (डेटाबेस), रेडिस, एनजिनएक्स आणि सुपरवायझर या प्रोग्रामांतलं एक जरी रात्री दोनला आडवं झालं तर उठायचं कोणी, हे परवान्यात लिहिलेलं नसतं.

सुरुवात मी आणि माझ्या भागीदाराने परळच्या एका गाळ्यात केली. तो लॅमिंग्टन रोडवर मशिनं जोडायचा, मी एका कारखान्याची खाती बघायचो. मशीन जोडणाऱ्यात आणि मशीन विकणाऱ्यात काय फरक असतो ते मी त्याच्याकडून शिकलो. ईसीसी रॅमशिवाय (आपली चूक आपणच दुरुस्त करणारी मेमरी) तो सर्व्हरला हात लावत नसे. केबलच्या दोन्ही टोकांना लेबल हवंच, एका टोकाला लावलेलं लेबल तो उपटून टाकायचा. आता तो चिपळूणला असतो, आंब्याचं बघतो. त्याचं क्रिंपिंग टूल, केबलच्या टोकाला पिन दाबून बसवायचं हत्यार, माझ्या खणात आहे आणि नवीन पोरांना त्याला हात लावायची परवानगी नाही. बाजारात हल्ली जी मिळतात त्यांचे जबडे वर्षभरात सैल होतात.

पहिलं मोठं काम नागदेवी स्ट्रीटच्या शेठचं. नट-बोल्टचे होलसेल व्यापारी, तीन पिढ्यांची गादी. माल किलोवर घ्यायचा, विकायचा ग्रोसवर (बारा डझन), आणि किरकोळ गिऱ्हाईक आलं तर नगावर. एम-आठचा बोल्ट म्हणजे एकच वस्तू नव्हे. लांबी बदलली की वजन बदलतं, झिंक चढलेला आणि काळा यांतही फरक पडतो. हा सगळा हिशेब त्यांच्या म्हाताऱ्या मुनीमजींच्या डोक्यात होता आणि मुनीमजी रिटायर व्हायला टेकले होते. मग आम्ही दुकानातच वजनकाट्यावर शंभर-शंभर बोल्ट ठेवून प्रत्येक आयटमचा कन्व्हर्जन फॅक्टर, म्हणजे किलोला किती नग, तो काढला. शेठ म्हणाले, ‘भाऊ, तुम्ही मोजा, चाय माझी.’ त्या चहाचं बिल आमच्या कोटेशनपेक्षा जास्त झालं असेल. पण स्टॉक जुळला. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा आजूबाजूच्या पेढ्यांवर एचएसएनवरून, म्हणजे बिलावर टाकायच्या मालाच्या कोडवरून, रडारड चालू होती, आणि आमच्या शेठचं 7318 या नट-बोल्टच्या कोडखालचं बिल पहिल्याच दिवशी छापून बाहेर पडलं. मराठी गिऱ्हाइकांची नावं देवनागरीत, चौकोन न येता. त्यासाठी सर्व्हरवर लोहित फॉन्ट टाकावा लागतो आणि बिलाचं पीडीएफ बनवणारं डब्ल्यूकेएचटीएमएल-टू-पीडीएफ पॅच केलेल्या क्यूटी लायब्ररीचंच लागतं, नाहीतर हेडर-फुटर गायब. हे ज्याला माहीत नाही त्याने नागदेवीत पाय ठेवू नये.

मधली वर्षं बरी गेली.

मग ‘तो’ आला. नाव घेत नाही. उपनगरात ऑफिस, गळ्यात टाय, हातात टॅब. ईआरपीनेक्स्टच घेऊन फिरायचा, पण लोगो काढून त्यावर स्वतःचं नाव. जीपीएलमध्ये बदल करायची मुभा आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अशी की आमच्या गिऱ्हाइकांची यादी त्याच्याकडे पोचली आणि प्रत्येकाला आमच्या निम्म्या दरात कोटेशन गेलं. सगळ्यांच्या साइट, म्हणजे प्रत्येकाचं ईआरपीनेक्स्ट डेटासकट, त्याने स्वतःच्या ऑफिसातल्या एकाच मशिनवर ठेवल्या आणि त्याला ‘प्रायव्हेट क्लाउड’ असं नाव दिलं. वाशीचे गेले, भिवंडीचे गेले, साकीनाक्याचे आमचे जुने ओळखीचेही गेले. तेही फोन न करता.

त्यातच 2020 चा मार्च. गाळे बंद, बाजार बंद, एएमसीचे (वर्षभर सांभाळण्याच्या कराराचे) चेक बंद. पगारासाठी मी गाडी विकून टाकली, भागीदाराने सोनं गहाण टाकलं. एप्रिलमध्ये शेठचा फोन आला. दुकानाला कुलूप, एक रुपयाचा धंदा नाही, आणि हा माणूस पूर्ण वर्षाची एएमसी ॲडव्हान्समध्ये पाठवतो! म्हणाले, ‘दुकान उघडेल तेव्हा तुम्ही पाहिजेत ना?’ आमची फर्म त्या रकमेवर जगली. हे मी कोणत्याही ब्रोशरमध्ये छापायला तयार आहे.

12 ऑक्टोबर 2020, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई-ठाण्याची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. नागदेवीच्या सर्व्हरने यूपीएसचा इशारा घेतला आणि स्वतःहून नीट बंद झाला. दुपारनंतर वीज आली, मशीन चालू केलं, बिलिंग सुरू. भागीदाराने महिन्याभरापूर्वीच बॅटरी बदलल्या होत्या.

त्याच्या त्या ‘प्रायव्हेट क्लाउड’चं काय झालं ते साकीनाकावाल्यांनी रात्री येऊन सांगितलं. वेग वाढावा म्हणून पठ्ठ्याने डबलराइट, म्हणजे डेटाचं प्रत्येक पान आधी दुसऱ्या जागी लिहून ठेवायची डेटाबेसची सोय, बंद ठेवलं होतं. लिहिताना पान अर्धवट राहिलं की मग मारिआडीबीच्या आतलं डेटा साठवणारं इनोडीबीही काही करू शकत नाही. बॅकअप? बेंच या ईआरपीनेक्स्टच्या हत्याराने घेतलेला बॅकअप साइटच्याच प्रायव्हेट फोल्डरमध्ये पडतो, म्हणजे त्याच डिस्कवर. घाबरून त्याने मशीन फॉरमॅट मारलं आणि हातात राहिली पेनड्राइव्हवरची डेटाबेसची एक जुनी एसक्यूएल फाइल. स्कॅन केलेली चलनं गेली. साइट कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमधली एन्क्रिप्शन की गेली, त्यामुळे साठवलेला मेलचा, एसएमएसचा एकही पासवर्ड उघडेना. जेवढं उभं करता येईल तेवढं आम्ही करून दिलं. दर नेहमीचाच लावला. साकीनाकावाले परत आले. भिवंडीवाले महिन्याच्या भाड्याच्या सॉफ्टवेअरकडे गेले. आणि तो? तो आज आमच्यापेक्षा मोठ्या ऑफिसात बसतो.

कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. बॅकअप घेताना फाइल्ससकट घ्या आणि साइट कॉन्फिगची प्रत वेगळ्या जागी ठेवा. रेड-वनला (दोन डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिणं) बॅकअप समजणाऱ्याला नोकरीवर ठेवू नका. महिन्यातून एकदा रिकाम्या मशिनवर रिस्टोअर करून चालू महिन्याचं ट्रायल बॅलन्स काढा, आणि ते तुमच्या अकाउंटंटला जुळवायला लावा, इंजिनिअरला नव्हे. व्हर्जन बदलायची घाई नको. ईआरपीनेक्स्टच्या तेराव्या व्हर्जनवरून चौदाव्यावर जाताना पगाराचं मॉड्यूल वेगळ्या ॲपमध्ये गेलं, तेव्हा एक तारखेला किती जणांची पळापळ झाली ते मी पाहिलंय.

1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींच्या वरची उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवून क्यूआर कोड घेतलेलं बिल, लागू झालं. शेठही त्यात आले. आता गादीवर त्यांचा पुतण्या बसतो, क्यूआर आला की नाही ते तो स्वतः बघतो आणि दरवर्षी दर कमी करायला सांगतो. काका असताना असं नव्हतं, पण चालायचंच.

एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं सक्तीचं झालं. मागच्या महिन्यात एका प्रायव्हेट लिमिटेडवाल्यांना डेमो दिला. सगळं आवडलं. शेवटी मालकांनी दार लोटलं आणि हळूच विचारलं, जुनं बिल कोणाला न कळता बदलता येईल का? मी दाखवलं : सबमिट झालेलं बिल रद्द करता येतं, सुधारून नवं करता येतं, नव्याच्या नंबरापुढे ‘-1’ लागतो आणि जुनं तिथेच राहतं. त्यांनी विचारून सांगतो म्हटलं. परवा कळलं, निम्म्या दरात काम दुसरीकडे दिलं. कोणाकडे, ते नाव मी वरही घेतलेलं नाही.