एजंटकडून घर बघताय? आधी ओट्याखाली वाका

परवा ऑफिसातला नवीन पोरगा विचारत होता, दादा कोल्हापुरात घर बघायचंय, एजंट करू का नको. मी सुरू झालो तो चहा गार होईपर्यंत थांबलोच नाही, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकूया.

आम्ही दोघं गारगोटीहून आलो, माझी नोकरी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत, हिची शाहूपुरीत. ओळखीत कुणी नाही, मग एजंट. माणूस गोड बोलायला एक नंबर. पहिलंच घर दाखवलं शाहूपुरीत, तळमजला, वन बीएचके, भाडं नऊ हजार, डिपॉझिट तीस. नवाकोरा रंग, आणि "अजून दोन पार्ट्या येणारेत बघायला" हे ठरलेलं वाक्य. मी येडा, तिथंच उभ्या उभ्या फोनपेवरनं दोन हजार टोकन मारलं. पावती नाही, मेसेज नाही, काही नाही.

दुसऱ्या दिवशी हिला घेऊन गेलो. बायका घर कसं बघतात ते शिकण्यासारखं असतंय, ही हॉलमध्ये थांबलीच नाही, सरळ किचनमध्ये जाऊन ओट्याखालचं कपाट उघडून आत वाकली. आत रंग मारलाच नव्हता. मागच्या भिंतीवर गाळाची तपकिरी रेघ, सरळ, पट्टीनं ओढल्यासारखी. मग माझं लक्ष गेलं की घरातले सगळे सॉकेट खांद्याएवढ्या उंचीवर आहेत, वायर भिंतीवरनं पट्टीतनं नेलेली, आणि खाली जुन्या बोर्डांच्या जागा प्लास्टरनं बुजवलेल्या. एजंट म्हणतोय, जरा ओल येते पावसाळ्यात. तेवढ्यात शेजारच्या आजी दारात आल्या, "एकोणीसला माळ्याला लागलं हुतं की पाणी, सांगिटलं न्हाई व्हय त्येनं?"

आता पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतंय, पण बाहेरनं आलेल्या माणसाला कोण सांगणार? २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं आणि २०२१ ला परत आलंच. त्यामुळं नदीकडच्या किंवा नाल्याकडच्या भागात घर बघत असाल तर २०१९ आणि २०२१ ला इथं पाणी कुठपर्यंत होतं एवढं एक विचारा, आणि एजंटला नको, शेजाऱ्याला विचारा, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानदाराला. दुकानदार तर हातानं उंची दाखवतो.

टोकनमधले एक हजार दोन महिने मागे लागल्यावर मिळाले. उरलेले गेलेच.

यातनं मला एक कळलं, एका महिन्याचं भाडं ब्रोकरेज म्हणून आपण देतो, पण म्हणून तो माणूस आपला होत नाही. बऱ्याचदा मालकाकडनंही घेतो. आणि रेराचा, म्हणजे घरांच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर असलेला एजंट म्हणजे भरवशाचा असं समजू नका, ती नोंदणी नवीन प्रोजेक्टमधली घरं विकण्यासाठी असते, भाड्याच्या व्यवहाराशी तिचा संबंध नाही. तेव्हा टोकन द्यायचंच तर निदान व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, किती, कुठल्या घराचं, नाही जमलं तर परत कधी.

दुसरं घर राजारामपुरीत मिळालं, दुसरा मजला, दुसराच एजंट. हा म्हणाला, अकरा महिन्याचं आहे, नोटरी करूया, रजिस्टर कशाला. हे इतक्या जणांनी सांगितलंय की खरंच वाटायला लागतं. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, त्यात करार लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे, अकरा महिन्याचा असला तरी. आणि ती जबाबदारी घरमालकाची, नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते धरतात, मालकाला ते खोटं ठरवावं लागतं. हे मी मालकीणबाईंना सांगितलं आणि काकू लगेच म्हणाल्या, करूनच टाका बाबा.

खर्चाचं पण बघा. एजंट म्हणाला अ‍ॅग्रीमेंटचे पाच हजार. स्टॅम्प ड्युटी असते एकूण भाड्याच्या पाव टक्का, डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवायचं. आमच्यासारख्या भाड्याला ते अडीचशे-तीनशे होतात. नोंदणी फी महापालिका हद्दीत १०००, ग्रामपंचायतीत ५००. वर ऑनलाइन कागदाची फी आणि करणाऱ्याची मजुरी. मजुरी घेऊदे की, पण हिशोब सांग म्हटल्यावर पाचाचे तीन झाले.

ऑनलाइन नोंदणीला माणूस मशीन घेऊन घरी येतो, आधारवर अंगठा घ्यायला. काकूंचा अंगठा काही केल्या लागेना, भांडी घासून रेघा गेलेल्या, चार वेळा पदरानं पुसला, मग दुसरं बोट, मग एकदाचं लागलं. तोवर दोन वेळा चहा झाला. पण त्या निमित्तानं खरी मालकीण समोर आली, लाइट बिलावर आणि घरफाळ्याच्या पावतीवर तेच नाव आहे का बघून घेतलं. नाव दुसऱ्याचं असेल तर मुखत्यारपत्र मागा, लाजू नका.

करारात डिपॉझिट किती दिवसांत परत, रंगाचे पैसे कोण देणार, नोटीस किती महिन्यांची एवढं नीट वाचा, बाकीचं छापील असतं. चावी घेतली त्या दिवशी मीटरचं रीडिंग आणि फुटक्या फरशीचा फोटो काढून मालकांना पाठवा. पोलिसांकडं भाडेकरूची माहिती दिली का तेही विचारा.

अकरावा महिना लागला आणि एजंटचा फोन, "रिन्यूअलचं अर्धं भाडं द्यावं लागंल." म्हटलं कुठल्या कागदात लिहिलंय? तर म्हणतो पद्धत आहे. मी फोन ठेवून खाली काकूंकडं गेलो, त्या म्हणाल्या त्याचं काय काम, तू त्या मशीनवाल्याला बोलव, आणि येताना हँडवॉश घेऊन ये.