बावन्नाव्या वर्षी गुऱ्हाळावर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मी ३१ वर्षं पॅटर्नमेकर होतो. फौंड्रीत ओतकाम व्हायच्या आधी त्या भागाचा लाकडी पॅटर्न करायचा. तो वाळूत दाबून साचा पाडतात. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना शंभराला साधारण एक आटतं, पोलाद त्याच्या दुप्पट. म्हणून आमची पट्टीच वेगळी, आट धरून आखलेली. ती अजून माझ्या खिशात असते.

दोन वर्षांपूर्वी शॉप बंद झालं. माझ्या पटाशीला आठवडा लागायचा ते काम मशीनवर दोन दिवसांत व्हायला लागलं. मालकांनी हिशेब चोख केला, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. राग आला तो पुढच्या चार महिन्यांत. शिरोली, गोकुळ शिरगाव, सगळीकडं अर्ज घेऊन फिरलो. एका ठिकाणी मुलाखत घेणाऱ्या पोरानं जन्मतारीख वाचली आणि कागद पालथा ठेवला. तुम्हाला काय येतं, एवढंही विचारलं नाही. बावन्न वर्षांच्या माणसाला नवं काम शिकता येत नाही, हे या लोकांना कुणी सांगितलं?

मेहुणे म्हणाले, पेन्शन सुरू करून टाका. १९९५च्या कर्मचारी पेन्शन योजनेत दहा वर्षं भरलेल्याला पन्नाशीनंतर ती घेता येते, पण अठ्ठावन्नच्या अलीकडच्या प्रत्येक वर्षामागं ४ टक्के कात्री लागते, आणि ती कायमची. मी नाही घेतली. माझ्या वयाच्या कुणाची नोकरी गेली असेल तर कळकळीनं सांगतो, घाबरून त्या फॉर्मवर सही करू नका. आधी बायकोबरोबर बसून हिशेब मांडा.

बहिणीचं गाव भोगावतीकाठी, करवीर तालुक्यात. तिथल्या गुऱ्हाळावर माणूस हवा होता. पहिले दोन महिने चिपाडं वाळवली, काहिलीतल्या उकळत्या रसावरची मळी काढली. माझ्या मुलाच्या वयाची पोरं ओरडायची, "काका, मागं सरा, भाजंल!" मजुरी नवशिक्याची. रात्री खांदे भरून यायचे आणि बायको काही न बोलता तेल गरम करायची.

गूळ कधी झाला हे ठरवतो तो गुळव्या. आमचे गुळव्या मामा सत्तरीचे. रस उकळला, भेंडीचं पाणी टाकून मळी वर आली, ती काढली, की ते काहिलीजवळून हलत नाहीत. मी थर्मामीटर नेला होता; साधारण ११८ अंशांच्या आसपास गूळ होतो, एवढं वाचलं होतं. मामांनी तो हातात घेऊन नीट बघितला आणि परत दिला. "पाव्हणं, खारवट रानातला ऊस ह्याला कळतोय व्हय?"

मग त्यांनी उलथण्यावरचा थेंब गार पाण्याच्या भांड्यात सोडला. थेंब तळाशी गेला, त्यांनी दोन बोटांनी त्याची गोळी वळली आणि काहिलीच्या काठावर मारली. टण्ण. "उतरवा!" दहा-बारा हात एकदम धावले. ती गोळी मी मागून घेतली. बाहेरून काचेसारखी कडक, आत किंचित ओलसर. सागवान तासताना अंगठ्याखाली चढ-उतार कळतो, तसंच काहीतरी बोटांना कळलं, आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

पुढं एक गोष्ट लक्षात आली. अर्ध्या किलोचे रवे, म्हणजे गुळाच्या छोट्या ढेपा, साच्यातून काढताना कोपरे तुटायचे. साच्याच्या बाजू सरळ उभ्या होत्या, त्यांना उतारच नव्हता. पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून आम्ही प्रत्येक उभ्या बाजूला थोडा ड्राफ्ट, म्हणजे उतार, देतो. घरी रंधा काढला आणि चार साचे केले, तोंडाशी जरा रुंद. फडकं लावून भरले, पालथे केले, रवे अख्खे बाहेर. आता शेजारच्या दोन गुऱ्हाळांचेही साचे मी करतो.

१८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली, तेव्हापासून कोल्हापूरचा गूळ देशभर जातोय. आमचे रवे सौद्याला लागले त्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. व्यापाऱ्यानं एक रवा फोडला, खडा तोंडात टाकला आणि पुढं सरकला. बोली चांगली लागली.

गेल्या सीझनला मामांनी एक आदण, म्हणजे काहिलीभर रसाचा एक घाणा, माझ्यावर सोडलं. मी थोडा उशीर केला, गूळ लालसर झाला, भाव पडला. मामा रागावले नाहीत. भांड्यातलं पाणी बदलून त्यांनी ते पुन्हा माझ्यासमोर ठेवलं. दिवाळीनंतर गुऱ्हाळाचं चुलवाण पेटेल. पहिल्या आदणाची गोळी मी बघायची, असं ठरलंय.