डब्याची गरमी

होळी झाली की आमच्याकडे माळ्यावरून कूलरची मोटर आणि पाण्याचा पाइप खाली येतो. यंदा त्यांच्यासोबत कॉम्प्युटरच्या एका जुन्या कॅबिनेटचा बाजूचा पत्राही आला. मधोमध गोल भोक आणि भोकाला आतून काळं प्लास्टिकचं नळकांडं. बायको म्हणाली, "हे भंगारात." मी म्हटलं, "राहू दे." का राहू दे, ते सांगायला दुपार पुरली नसती आणि तिला तेवढा वेळ नव्हता.

ज्यांनी त्या काळात घरी कॉम्प्युटर जोडले त्यांना हे नळकांडं आठवत असेल. पेंटियम ४ प्रोसेसर तापायला लागला तेव्हा तो बनवणाऱ्या इंटेलने कॅबिनेट बनवणाऱ्यांना सांगितलं की पत्र्याला भोक पाडा आणि बाहेरची हवा थेट प्रोसेसरच्या पंख्यावर आणा. हिशेब असा, की खोली ३५ अंशांची धरली तर पंख्यापाशी पोचणारी हवा ३८च्या आत राहिली पाहिजे. हिशेब चोख होता. फक्त तो मांडणारा माणूस मे महिन्यात आमच्या नागपूरच्या हनुमान नगरात दुसऱ्या मजल्यावर राहिलेला नसावा. आमच्या खोलीत सकाळी अकरालाच ३८ व्हायचे. ते नळकांडं पुढे दिवसभर इमानदारीने गरम हवा गरम प्रोसेसरवर सोडत बसायचं.

पहिला कॉम्प्युटर २००४ सालचा. 'ब्रँडेड'चा भाव ऐकून बाबा दुकानातून उठले, म्हणून असेंबल्ड, सुटे भाग घेऊन जोडलेला. बर्डीच्या बाजारात, मोदी नंबर दोनच्या गल्लीत, दुकानदाराने पावतीच्या मागच्या बाजूला यादी लिहून दिली. मदरबोर्ड, प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, ८० जीबी हार्ड डिस्क. शेवटी फ्लॉपी ड्राइव्ह, "घेऊन ठेवा साहेब, लागते." (कधीच लागली नाही.) मॉनिटर सतरा इंची, काचेचा, सायकल रिक्षात बाबांच्या मांडीवर. मी मागून स्कूटरवर.

घरी सगळं सुरू झाल्यावर बाबांनी पहिली गोष्ट पाहिली ती हार्ड डिस्कची. ८० लिहिलंय आणि स्क्रीनवर साडेचौऱ्याहत्तर. बाबा अकाउंट्सचे. दुसऱ्या दिवशी आम्ही परत बर्डीला. दुकानदाराने समजावलं की कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ने, माल तेवढाच आहे. बाबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मापात मारताच न तुमी."

खरं भांडण उन्हाळ्यात सुरू झालं. कूलर एकच, खिडकीला लावलेला, पत्र्याचा. त्याच्यासमोरची जागा आजोबांची, मग बाबांची, मग जो आधी येईल त्याची. मला ती डब्यासाठी, म्हणजे कॉम्प्युटरच्या कॅबिनेटसाठी, हवी होती. कारण दुपारी एकनंतर त्याचा पंखा असा आवाज करायचा की शेजारच्या काकू विचारायच्या, "मिक्सर लावला का?" मी डबा हळूहळू कूलरकडे सरकवायचो आणि बाबा पायाने तो परत लोटायचे. "कूलर माणसांसाठी आहे का तुह्या डब्यासाठी? आधीच खोली गरम करून राह्यला तो. आधी माणसं थंड होऊ दे, मंग तुहा डबा."

तसं कूलरसमोर ठेवूनही फार फायदा नव्हता. कूलर चालायचा म्हणजे खिडकी उघडी, म्हणजे धूळ आत, आणि ती ओलसर. जूनमध्ये हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवरचा गरमी ओढून घेणारा पात्यांचा ठोकळा, उघडला की पात्यांवर करड्या रंगाचं जाड कांबळंच निघायचं. रंगाचा ब्रश आणि सायकलचा पंप, आमची साफसफाईची हत्यारं एवढीच.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. लोक पार्टची यादी वाचताना वेग बघतात, मी वॉट बघतो. हा किती गरम होणार, आणि ती गरमी कुठे जाणार. पेंटियम ४मधलाच तीन गिगाहर्ट्‌झचा प्रेस्कॉट ८९ वॉटचा होता आणि तेव्हा ते ऐकून आम्ही तोंडात बोटं घालायचो.

दुसरी खोड एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारी डबी, हातावर तोलून बघण्याची. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्यावर ४५० वॉट छापलेलं असायचं आणि तो उचलला की आत कोणी राहत नाही असं वाटायचं. आत तांब्याचं वेटोळं आणि अॅल्युमिनियम नीट घातलं तर वजन लागतंच. आजही दुकानात मी डबी आधी हातावर घेतो, मग लेबल वाचतो. काउंटरवरची पोरं एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत.

तिसरी म्हणजे स्क्रू. माझ्याकडे एक बिस्किटाचा डबा आहे, त्यात जाड आट्याचे वेगळे आणि बारीक आट्याचे वेगळे. जाड आटे कॅबिनेट, एसएमपीएस आणि मोठ्या हार्ड डिस्कला, बारीक आटे सीडी ड्राइव्ह आणि फ्लॉपीला. जाड स्क्रू बारीक भोकात दामटणाऱ्या माणसाशी माझं आयुष्यात जमणार नाही, मग तो बाकी कितीही चांगला असो. प्रत्येक असेंब्लीनंतर दोन-चार स्क्रू उरतातच. कुठून उरतात हे मी विचारणं सोडून दिलं आहे.

आणि थर्मल पेस्ट, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधे लावायची. तिच्यावर जगभर वाद आहे, टिंब द्यायचं की रेघ की फुली. मी तुरीच्या दाण्याएवढी ठेवतो आणि वरून हीटसिंक दाबतो. एएमडीच्या जुन्या प्रोसेसरना पिना असत. पेस्ट वाळली आणि हीटसिंक सरळ ओढला, तर कधीकधी प्रोसेसर सॉकेटमधून उपटून सोबतच वर येई. त्यावर उपाय सांगत, मशीन आधी थोडं चालवून गरम करा आणि मग हीटसिंक हळूच फिरवत काढा. आमच्याकडे एप्रिलनंतर पहिल्या पायरीची गरज पडली नाही. २०२२मध्ये एएमडीचं एएम५ सॉकेट आलं, पिना मदरबोर्डवर गेल्या आणि ती भीतीही गेली. आता सॉकेटवर काही पडू नये एवढीच काळजी.

मोदी नंबर दोनमधल्या एका दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर तेव्हा फुगलेल्या कॅपॅसिटरांचे, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या नळ्यांचे, बोर्ड रांगेने असायचे. त्या वर्षांत निकृष्ट कॅपॅसिटर जगभरच्या बोर्डांवर गेले होते, त्यामुळे फुगणं सगळीकडेच होतं. पण दर दहा अंश वाढले की कॅपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा नियम मला त्यानेच सांगितला. यूपीएसच्या बॅटरीलाही तेच लागू. तिचं आयुष्य कंपनी २५ अंशांवर मोजते. २५ अंश! आमच्याकडे ते जानेवारीत. भारनियमनाच्या त्या वर्षांत बॅटरी दुसरा उन्हाळा काढेल की नाही यावर आम्ही पैज लावायचो. पुण्याचा मावसभाऊ म्हणायचा, "आमची चार वर्षं चालली." चालेलच न.

गेल्या दिवाळीत पुतण्याचा कॉम्प्युटर जोडून दिला. समोर काच, बाजूला काच, आत जांभळे दिवे, आणि एकटं ग्राफिक्स कार्डच ३०० वॉटचं. मी हवेचं विचारलं तर म्हणाला, "काका, खोलीत एसी आहे." बरोबर आहे. सगळं गार राहतं, पंख्याचा आवाज नाही, प्रोसेसर साठच्या वर जात नाही. मे महिन्यातही. मला त्यात खोड काढता आली नाही आणि त्याचं थोडं वाईटही वाटलं.

पण सवयीने मी गरमीच्या मागे जात राहिलो. प्रोसेसरमधून हीटसिंकमध्ये, तिथून डब्यात, डब्यातून खोलीत, खोलीतून एसीत. एसीचं बाहेरचं मशीन भिंतीला गल्लीच्या बाजूने लावलं आहे, खाली निंबाची सावली. त्या सावलीत प्रेसवाल्या काकांचा गाडा असतो, कोळशाची इस्त्री. एका दुपारी कपडे द्यायला गेलो तर वरून सरळ झळ येत होती. मी म्हटलं, "काका, गाडा थोडा तिकडे घ्या न, इथं गरम होते."

"तिकडं सावली कुठं हाय जी," ते म्हणाले, आणि शर्ट मोजायला लागले.