तुम्ही विचारलंत म्हणून: पदवीच्या मुलांना वाचायला काय शिकवायचं?

पालकसभेत आणि स्टाफरूममध्ये हा प्रश्न हमखास येतो: "मॅडम, वाचन तर चौथीपर्यंतच होतं ना? तुम्ही बी.ए.ला ते कशाला घेता?"

चौथीपर्यंत अक्षरं आणि वाक्यं होतात. एका वाक्याचा दुसऱ्याशी काय संबंध, हे पुढे कुणी बसून शिकवत नाही.

मी वर्गात माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 मधलं कलम 7 देते, मराठीतूनच. मुलं भराभर वाचतात, हायलायटर फिरवतात, "समजलं" म्हणतात. मग कागद पालथे घालायला लावते आणि विचारते, अर्ज देऊन 30 दिवस उलटले, कार्यालयाचं उत्तरच नाही, आता काय कराल? बहुतेकांचं उत्तर एकच: वाट बघू. खरं तर पोटकलम 2 सांगतं की मुदतीत निर्णय झाला नाही तर माहिती नाकारली असं मानलं जाईल. म्हणजे थांबायचं नाही, मुदत संपल्यापासून 30 दिवसांत पहिलं अपील करायचं. ते वाक्य पिवळं केलेलं असतं, पण मुदत सांगणाऱ्या पोटकलमाशी जोडून कुणी वाचलेलं नसतं. दुसऱ्या वाचनात एखादी मुलगी पोटकलम 6 हुडकते: मुदत चुकली तर माहिती फुकट द्यावी लागते! मग वर्ग जागा होतो. मला या विषयात सगळ्यात प्रिय असलेला क्षण हाच.

वैचारिक लेखात अडचण वेगळी. लेखक आधी विरोधकाचं म्हणणं मांडतो, मग खोडतो. आणि मुलं उत्तरपत्रिकेत ते खोडलेलं मतच लेखकाच्या नावावर लिहितात. म्हणून प्रत्येक परिच्छेदाच्या समासात "हे कोण म्हणतंय?" एवढं लिहायला लावते.

मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. अधोरेखन आणि पुन्हा पुन्हा वाचणं कमी उपयोगाचं ठरलं. स्वतःची परीक्षा घेणं फार उपयोगाचं. कागद पालथा घालणं म्हणजे तेच.

यात तासिका जातात, एखादं प्रकरण घाईत उरकावं लागतं. मला ते चालतं. ते प्रकरण मुलं घरी स्वतः वाचू शकतात.