तात्यांना कोण सांगणार?

आमच्या साइटवर काँक्रीटमध्ये पाणी कोण मारायला लावतं, हे वॉचमनपासून प्रोजेक्ट मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मुकादम तात्या. साठीला टेकलेले, आणि स्लॅब भरण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. त्यामुळे माल पातळ दिसला की शिव्या खायचा ट्रान्झिट मिक्सरचा, म्हणजे काँक्रीट घेऊन येणाऱ्या फिरत्या ड्रमच्या गाडीचा, ड्रायव्हर. मी क्वालिटीला रुजू झाले तेव्हा मलाही पहिला सल्ला हाच मिळाला, ‘तात्यांच्या वाटेला जाऊ नका.’

एम २५चा स्लॅब होता, म्हणजे २८ दिवसांत चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन ताकद यायला हवी असं काँक्रीट. गाडी गेटवर आल्यावर मी स्लम्प घेतला, म्हणजे कोनाच्या साच्यात माल भरून, साचा उचलल्यावर तो किती खाली बसतो ते मोजलं: ११० मिलिमीटर. ताकद तपासायचे ठोकळे, म्हणजे क्यूबही भरले. गाडी पंपाशी लागेपर्यंत ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडलेला! पुन्हा कोन उचलला तर माल पिठल्यासारखा पसरला. गाडी परत पाठवली, पण आधी त्या मालाचेही क्यूब भरून ठेवले. कॉन्ट्रॅक्टर फोनवर काय काय बोलला ते इथे लिहिण्याजोगं नाही. तात्यांना मात्र तिथे, त्यांच्या माणसांसमोर, मी एक अक्षर बोलले नाही.

सातव्या दिवशी म्हटलं, “तात्या, जरा लॅबमध्ये येता?”

मशीनवर पहिला क्यूब लावला. काटा ५०० किलोन्यूटनपर्यंत गेला, तेव्हा कुठे तो फुटला. पाणी मारलेला ३२०लाच गेला. १५० मिलिमीटरच्या क्यूबला म्हणजे चौरस मिलिमीटरला पहिला २२ न्यूटन, दुसरा १४. बाकीचेही थोड्याफार फरकाने तसेच. सात दिवसांत साधारण २५च्या दोन तृतीयांश ताकद यावी लागते, म्हणजे १६-१७ तरी.

ट्रेनिंगमध्ये शिकवतात की आधी कौतुक, मग चूक, मग परत कौतुक. तसं केलं असतं तर तात्या दोन कौतुकं घेऊन घरी गेले असते आणि पाइप जागेवर राहिला असता. मी सरळ म्हटलं, “गाडी एकच, माल एकच. फरक फक्त पाण्याचा. पाणी तुमच्या सांगण्यावरून पडतं, म्हणून ड्रायव्हरला न बोलता तुम्हाला सांगतेय.”

तात्यांनी फुटलेला तुकडा उचलला. कड अंगठ्याने चोळली, भुगा पडला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आता माझं ऐका, मॅडम. प्लँट तीन-तीन गाड्या एकदम सोडतो. तिसरी उन्हात उभी राहते, माल घट्ट होतो. पंप चोक झाला की लाइन खोलून घाण माझी पोरं काढतात. तेव्हा तुमच्या ऑफिसातलं कोण असतं तिथे?”

मी बॅच स्लिपा काढल्या, प्लँटवर गाडीत माल कधी भरला ते त्यांवर असतं. माल भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी, आणि तिसऱ्या गाड्या खरंच त्या काठावर होत्या. तात्यांनी पाणी मारणं चूकच, पण त्यामागचं कारण आम्ही कधी विचारलंच नव्हतं. ड्रायव्हरवर ओरडून ते कळणारही नव्हतं.

पुढच्या स्लॅबला आधीची गाडी अर्धी झाल्यावरच पुढची सोडायची असं ठरलं, आणि प्लँटला फोन करायचं काम तात्यांकडे दिलं. माल घट्ट वाटला तर प्लँटचा माणूस मोजून अ‍ॅडमिक्श्चर, म्हणजे माल सैल करणारं रसायन टाकतो, पाणी नाही. परवा तर एका नव्या सुपरवायझरने पाइप उचलला, तेव्हा तात्यांनी त्यालाच धरून लॅबमध्ये आणलं, क्यूब दाखवायला.

परत गेलेल्या गाडीचे पैसे कोणी भरायचे, हा वाद मात्र कॉन्ट्रॅक्टर आणि प्लँटमध्ये अजून चालूच आहे.