अण्णांचं आख्यान आणि एक छोटी फाइल

अण्णा, म्हणजे माझे वडील, नारदीय परंपरेतले कीर्तनकार होते. सांगली-मिरजेकडच्या देवळांत झालेल्या त्यांच्या कीर्तनांच्या एकोणतीस कॅसेट आमच्याकडे आहेत, बहुतेक नव्वद मिनिटांच्या. पूर्वरंग, म्हणजे अभंगाचं निरूपण, ए बाजूला, आख्यान, म्हणजे कथा, बी बाजूला, असं आईनं प्रत्येक कव्हरवर निळ्या शाईनं लिहून ठेवलंय. २००९च्या दिवाळीत मी टेपडेक कॉम्प्युटरच्या लाइन-इनला जोडला आणि एकेक कॅसेट एमपीथ्री करत गेलो. मग एक साधी वेबसाइट घेतली. घरातले सगळे चार दिशांना, त्यांना कुठूनही ऐकता यावं एवढीच इच्छा.

तेव्हा ब्राउझरमध्ये एमपीथ्री वाजवायची म्हणजे पानावर फ्लॅशचा, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या एका सॉफ्टवेअरवर चालणारा, प्लेअर बसवावा लागे. मला मिळालेला प्लेअर झकास होता. सर्व्हरवरच्या फोल्डरात फाइली टाकल्या की यादी आपोआप तयार. फक्त तो डेमो होता, आणि डेमोत दर काही मिनिटांनी एक बाई इंग्रजीत सांगायची की ही प्रत नोंदणी केलेली नाही. हरिश्चंद्राख्यानात तारामती रोहिदासाला घेऊन स्मशानात येते, अण्णांचा आवाज अगदी खाली उतरतो, आणि नेमकी तिथं ही बाई. मेलबर्नहून बहिणीचा फोन आला, "दादा, तेवढं ते बंद कर रे. मला पुढचं ऐकवत नाही."

ऑफिसातला एक जण म्हणाला, क्रॅक मिळतो, नोंदणीशिवायच कुलूप तोडणारा, पैसे कशाला घालवतोस? मी नको म्हणालो. आमचं घर बिदागीवर चाललं. मंदिराच्या विश्वस्तांनी नारळ आणि पाकीट हातात दिलं की आईच्या चेहऱ्यावर काय उमटायचं, ते मी लहानपणापासून पाहिलंय. आणि कीर्तन ऐकून पाकीट न देता निघून जाणारेही पाहिलेत. अण्णांचा आवाज लोकांपर्यंत पोचवायचा, तर ज्यानं प्लेअर लिहिला त्याची बिदागी बुडवून नाही.

तीसएक डॉलर होते. माझ्या डेबिट कार्डावर परदेशी पैसे जात नव्हते, पुण्याच्या भाच्यानं त्याच्या क्रेडिट कार्डानं भरले. दुसऱ्या दिवशी मेलला जोडून नोंदणीची फाइल आली, जेमतेम एक केबी, नावाला एक्स्टेंशन नाही. सूचना दोनच: प्लेअरच्या शेजारी, त्याच फोल्डरात ठेवा, आणि ती उघडून सेव्ह करू नका.

ठेवली. बाई बोलतच होती.

तो रविवार पूर्ण त्यात गेला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अशा फाइलीत तुमच्या डोमेनचं नाव आणि त्यावरून काढलेली एक सही असते. प्लेअर सुरू होताना ती वाचतो, पानाचा पत्ता ताडून बघतो आणि जुळलं तरच कुलूप काढतो. एक अक्षर इकडचं तिकडं झालं तरी सही जुळत नाही. माझ्याकडे तीन गोष्टी एकदम चुकल्या होत्या. विंडोजवर फाइलीच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल चालून जातं, लिनक्सच्या सर्व्हरवर चालत नाही. मी पहिलं अक्षर मोठं करून बसलो होतो. दुसरं, फाइली सर्व्हरवर चढवणाऱ्या एफटीपी प्रोग्रॅमनं एक्स्टेंशन नाही म्हणून ती मजकुराची फाइल समजून आस्की मोडमध्ये चढवली. त्यात विंडोजच्या ओळीअखेरच्या खुणा बदलतात, म्हणजे फाइल बदलते. बायनरी मोड निवडून पुन्हा चढवली. आणि तिसरं, मी पैसे भरताना पत्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूशिवाय दिला होता, आणि सगळे त्यासकट उघडत होते. एचटीॲक्सेस या सर्व्हरच्या सूचनांच्या फाइलीत दोन ओळी घालून सगळ्यांना एकाच पत्त्यावर वळवलं. एवढं करूनही डेमोच दिसला, कारण ब्राउझरनं जुना प्लेअर कॅशमध्ये, म्हणजे स्वतःच्या तात्पुरत्या साठ्यात, धरून ठेवला होता. तो पुसला.

रात्री साडेनऊला आईला खुर्ची आणून दिली आणि हरिश्चंद्राख्यान लावलं. स्मशानाचा प्रसंग आला. टेपची खरखर, अण्णांनी घेतलेला श्वास, मग पेटीचा सूर. मध्ये कोणी बोललं नाही. आई म्हणाली, "हे मिरजेचं. तेव्हा त्यांचा घसा बसला होता."

फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातलं काही चालेनासंच झालं. आता पानाच्या कोडमध्ये ऑडिओचा एक टॅग पुरतो, कुलूप नाही की नोंदणी नाही. पण ती एक केबीची फाइल मी कीर्तनांच्या फोल्डरातच ठेवलीय, भाच्यानं पाठवलेल्या पावतीसकट.

एकोणतीसपैकी चार कॅसेट अजून व्हायच्यात. त्यांच्या फितीवर बुरशी आलीय. हळूहळू साफ करतोय.